जिन्यातला उजेड आधी, जनरेटर नंतर: अपार्टमेंट, क्लास, कार्यालयात इमर्जन्सी लाईट नीट कशी बसवायची

मृग लागला की आपल्याकडं करंट जाणार हे धरूनच चालायचं असतं. जांबोटी-कणकुंबीकडं एक फांदी लाईनवर पडली की रात्रभर अंधार, आणि बेळगाव शहरात वडगाव-शहापूर असो की टिळकवाडी, जोराचा वारा सुटला की फीडर, म्हणजे त्या भागाला वीज देणारी लाईन, ट्रिप झालाच म्हणून समजा. त्यामुळं घरोघरी इन्व्हर्टर आलाय, अपार्टमेंटला जनरेटर आलाय, दुकानात चार्जिंगचे दिवे आलेत, आणि कमिटीवाल्यांना विचारलं की तुमच्या बिल्डिंगला इमर्जन्सी लाईट आहे का तर लगेच उत्तर येतं, जनरेटर आहे की वो!

इथंच चुकतंय. जनरेटर असणं वेगळं आणि इमर्जन्सी लाईट असणं वेगळं, हे एकदा नीट समजून घ्या, बाकी सगळं त्यावरच आहे.

गल्लीतला करंट गेला तर जनरेटर कामाला येतो, मान्य. पण आग आपल्याच बिल्डिंगच्या मीटर बोर्डला लागली तर? जनरेटरची केबल कुठून येते, त्याच मीटर रूममधून. मेनवरून जनरेटरवर नेणारा चेंजओव्हर स्विच कुठं आहे, त्याच भिंतीवर. कॉमन इन्व्हर्टर कुठं ठेवलाय, तिथंच खाली, कारण जागा तीच मोकळी होती. म्हणजे मेन गेला, जनरेटर गेला, इन्व्हर्टर गेला, सगळं एकाच मिनिटात, आणि वरच्या मजल्यावरची माणसं काळ्या धुरात काळोख्या जिन्यावर. आपल्याकडं बऱ्याच जुन्या बिल्डिंगमध्ये मीटर बोर्ड जिन्याखालीच असतो, आणि धूर वर चढायला जिन्यासारखी दुसरी वाट नाही.

हे नुसतं भीती घालायला सांगत नाही. दिल्लीत १३ जून १९९७ ला उपहार थिएटरमध्ये ५९ माणसं गेली. खाली पार्किंगमधल्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली होती, धूर वर बाल्कनीपर्यंत आला, लाईट गेली, अंधारात माणसांना दार सापडलं नाही, आणि नंतर कोर्टात जे निघालं त्यात इमर्जन्सी लाईट नव्हती हा एक मोठा मुद्दा होता. आपल्याच कर्नाटकात बेंगळूरला कार्लटन टॉवर्समध्ये २३ फेब्रुवारी २०१० ला ९ माणसं गेली, तिथंही इलेक्ट्रिकल शाफ्टमधून धूर वर चढत गेला. दोन्हीकडं आगीच्या ज्वाळेपेक्षा धुरानं घात केला. धुरात माणसाला पहिल्यांदा लागतो तो वाट दिसण्यापुरता उजेड.

म्हणून पहिला नियम हा, की प्रत्येक लँडिंगवर एक तरी दिवा असा पाहिजे ज्याची बॅटरी त्याच्या पोटातच आहे. खालून येणारी कुठलीही वायर जळाली तरी तो तिथल्या तिथं पेटला पाहिजे.

कुठं कुठं लावायचा

नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ चा चौथा भाग आग आणि जीवरक्षणाचा आहे. त्यात सांगितलेल्या जागा अगदी साध्या आहेत, आपण स्वतः बिल्डिंगमध्ये फिरून खडूनं खुणा करू शकतो. बाहेर पडायच्या प्रत्येक दाराजवळ, जिथं पॅसेज वळतो तिथं, जिथं दोन पॅसेज मिळतात तिथं, जिन्याच्या प्रत्येक टप्प्यावर थेट उजेड पडेल असा, जिथं एखादी पायरी वर-खाली आहे तिथं, फायर अलार्मचं बटण आणि आग विझवायचं सिलिंडर टांगलंय तिथं, आणि सगळ्यात शेवटच्या दाराच्या बाहेर. जवळ म्हणजे आडवं मोजून २ मीटरच्या आत.

बाहेरचा दिवा बहुतेक जण विसरतात. माणसं जिना उतरून बाहेर आली, पुढं गटारीवरची फरशी, स्कूटर लावलेल्या, गेटला कुलूप, आणि पाऊस. तिथं उजेड नसेल तर पडापडी तिथंच होणार.

उंची, दिवा जमिनीपासून २ मीटरच्या खाली नको, नाहीतर डोक्याला लागतो आणि पोरं हात लावतात, पण त्याच्यावर जेवढा खाली घेता येईल तेवढा घ्या, छताला चिकटवू नका. धूर आधी छताखाली साठतो, छताचा दिवा पहिल्या काही मिनिटांतच झाकला जातो. जमलं तर पायऱ्यांच्या कडेला आणि भिंतीच्या तळाशी अंधारात चमकणारी पट्टी पण चिकटवा, धुरातून माणूस वाकून, रांगत येतो तेव्हा त्याची नजर खालीच असते. फक्त ती पट्टी उजेडात चार्ज होते, दिवसभर अंधाऱ्या जिन्यात ती काही चमकायची नाही, म्हणून पट्टी लावली म्हणजे दिवा नको असं धरू नका.

बाहेर जायच्या वाटेचा बोर्ड हिरव्यावर पांढरा, पळणारा माणूस आणि बाण असलेला घ्या. आपल्या बिल्डिंगमध्ये मराठी वाचणारी आजी, कन्नड वाचणारा वॉचमन, हिंदी बोलणारा भाडेकरू सगळे असतात, चित्र सगळ्यांना कळतं. बोर्ड आतून पेटणारा असेल तर उत्तम, नसेल तर इमर्जन्सी दिव्याचा उजेड त्याच्यावर पडेल असं बघा.

दिवा घेताना आणि जोडताना

दुकानात जाऊन नुसतं इमर्जन्सी लाईट द्या म्हटलं तर तो घरात टेबलवर ठेवायचा चार्जिंगचा दिवा देऊन सोडतो. तो नको. भिंतीला कायम बसणारा, आयएस ९५८३ ह्या भारतीय मानकाप्रमाणे बनवलेला, किमान दीड तास चालणारा, बाहेरून टेस्ट बटण असलेला आणि चार्जिंगची खूण दाखवणारा घ्या. दीड तास हा कोडमधलाच आकडा आहे, लहान जागेला पण तेवढाच. बॅटरी बदलता येते का आणि ती बॅटरी बेळगावात मिळते का हे घ्यायच्या आधी विचारा, नाहीतर तीन-चार वर्षांनी डबा भिंतीवर राहतो आणि आत काही नसतं.

दोन प्रकार मिळतात. एक कायम पेटलेला असतो आणि करंट गेला की बॅटरीवर पेटत राहतो, दुसरा एरवी बंद असतो आणि करंट गेल्यावरच पेटतो. अपार्टमेंटच्या जिन्याला दुसरा चालतो. कार्यालय, क्लास, दवाखाना, जिथं नवीन माणसं येतात तिथं दारावरचा बोर्ड पहिल्या प्रकारचाच लावा.

आता जोडणी, आणि हे वायरमनसमोर उभं राहून करून घ्या कारण इथं बऱ्याचदा शॉर्टकट मारला जातो. इमर्जन्सी दिव्याला सप्लाय त्याच एमसीबीवरून (बोर्डातल्या आपोआप पडणाऱ्या स्विचवरून) द्यायचा ज्याच्यावर तिथला नेहमीचा जिन्याचा दिवा आहे, पण स्विचच्या आधीचा. ह्या दोन्ही गोष्टींना कारण आहे. समजा बिल्डिंगला थ्री फेज आहे, जिन्याचे दिवे एका फेजवर आणि वायरमननं सोय बघून इमर्जन्सी दिवा जवळच्या पॉइंटवरून दुसऱ्या फेजवर जोडला. आपल्याकडं एकच फेज जाणं नेहमीचं आहे. ती फेज गेली, जिना अंधार, आणि इमर्जन्सी दिवा आपला गप्प, कारण त्याच्या दृष्टीनं करंट आहेच! तसंच जिन्याचा एमसीबी एकटाच पडला तरी हेच होणार. आणि स्विचनंतर जोडला तर दिवसा कुणी जिन्याचा स्विच बंद केला की इमर्जन्सी दिवा पेटून बॅटरी संपवून बसतो, रात्री खरी गरज पडते तेव्हा रिकामा. म्हणून त्याच सर्किटवर, पण स्विच नसलेली वायर. वायरमनला हे एवढंच वाक्य सांगा, जाणकार असेल तर लगेच समजेल.

इन्व्हर्टर बल्ब लावले तर चालतील का, हे सगळे विचारतात, कारण स्वस्त पडतात. घरात खोलीत लावा, चांगले आहेत. जिन्याला त्याच्यावर विसंबू नका. ९ वॅटचा म्हणून मिळणारा बल्ब बॅटरीवर ९ वॅटचा उजेड देत नाही, हिशेब बघा, आत साधारण २२०० एमएएचची ३.७ व्होल्टची बॅटरी असते म्हणजे ८ वॅट-तासाच्या आसपास, त्यावर पूर्ण ९ वॅटनं तो तासभर पण टिकणार नाही, म्हणून कंपनी बॅटरीवर उजेड बराच कमी ठेवते. त्यात स्विच चालू असेल तेव्हाच तो चार्ज होणार आणि तेव्हाच पेटणार. दिवसा स्विच बंद असताना धूर झाला तर बंद जिन्यात तो कामाचा नाही. काहीच नसण्यापेक्षा बरा, एवढंच.

कॉमन इन्व्हर्टर

पोटात बॅटरी असलेले दिवे लावून झाले की मग इन्व्हर्टरचं बघा. रोजच्या करंट जाण्याला तोच उपयोगी, म्हणजे छोटे दिवे वारंवार वापरून लवकर खराब होत नाहीत.

किती मोठा घ्यायचा हे दुकानदारावर सोडू नका, दोन मिनिटांचा हिशेब आहे. पार्किंग धरून पाच लेव्हल, प्रत्येक ठिकाणी ९ वॅटचे दोन एलईडी, गेटला दोन, म्हणजे १२ दिवे, १०८ वॅट. सीसीटीव्ही, इंटरकॉम मिळून ६० धरा. १७० च्या जवळपास झालं. आता १२ व्होल्ट १५० एएच बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, पण ती पूर्ण रिकामी करायची नसते, ८० टक्के धरा, १४४०. त्यातलं इन्व्हर्टरच्या आतच वीसेक टक्के जातं, हातात राहिलं ११५०. भागिले १७०, साडेसहा तासांच्या वर. बॅटरी जुनी झाली की निम्मंच धरा. त्यामुळं एक साधी १५० एएच ट्युब्युलर बॅटरी चार मजल्याच्या बिल्डिंगला पुरते, पण त्यावर पाण्याची मोटर किंवा लिफ्ट चढवायचा विचार पण करू नका.

बॅटरी कुठं ठेवायची हे आकारापेक्षा महत्त्वाचं. जिन्याखाली नको, मीटर बोर्डाशेजारी नको, बाहेर पडायच्या वाटेत नको. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते आणि हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की एका ठिणगीनं भडकतो. म्हणून बंद कपाटात, माळ्यावर दार लावून ठेवायची नाही, खिडकी किंवा जाळी पाहिजे. आपल्या घरात बऱ्याचदा जागा नाही म्हणून इन्व्हर्टरची ट्रॉली देवघराच्या खालीच सरकवलेली असते, वर समई, अगरबत्ती. कृपा करून ती तिथून हलवा, आजच हलवा.

पाणी फक्त डिस्टिल्ड, खुणेच्या मध्ये, दीड-दोन महिन्यांनी बघायचं, उन्हाळ्यात लवकर. नळाचं किंवा विहिरीचं पाणी घातलं की बॅटरी गेलीच, आणि दुकानातून ॲसिड आणून तर कधीच घालू नका, उडतं ते पाणीच. टर्मिनल घट्ट पाहिजेत, त्यावर व्हॅसलीन लावून ठेवा. ऊन येणाऱ्या टेरेसच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या बॅटरीचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं, चैत्र-वैशाखात त्या खोलीत जाऊन हात लावून बघा म्हणजे कळेल.

अजून एक, इन्व्हर्टरचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला नेऊन जोडायची सवय बऱ्याच वायरमनना असते. त्यानं आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की सप्लाय तोडणारा स्विच, विनाकारण पडत राहतो, मग कंटाळून लोक आरसीसीबीच बायपास करतात आणि शॉकपासून वाचवणारी गोष्टच काढून टाकतात. आरसीसीबी पडतोय तर न्यूट्रल शोधा, त्याला काढू नका.

जनरेटर, आणि लाईनमनचा जीव

इथं मी थोडा लांबतो, कारण इथली चूक आपल्याला नाही, दुसऱ्याच कुणाला मारते.

लग्नघरात, पारायणात, गणपतीच्या मंडपात छोटा जनरेटर आणतात आणि दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून घरातल्या सॉकेटमध्ये घालतात, सगळं घर उजळतं. आता मेन स्विच बंद करायला कुणी विसरलं तर तो करंट मीटरमधून उलटा बाहेर खांबावर जातो, तिथून ट्रान्सफॉर्मरला, आणि ट्रान्सफॉर्मर उलटा चालून तो ११ हजार व्होल्टचा होऊन वरच्या लाईनला येतो. तिकडं खानापूरच्या पावसात एखादा लाईनमन फीडर बंद आहे म्हणून खांबावर चढलेला असतो. आपल्याच कुणाचा तरी मुलगा तो. दोन पिनवाली वायर बनवायची नाही, कुणी बनवून दिली तर तोडून टाकायची. जनरेटर लावायचा तर चेंजओव्हर स्विचमधूनच. थ्री फेजला चार पोलचा चेंजओव्हर घ्या, म्हणजे न्यूट्रल पण तुटतो. हेस्कॉमचा, म्हणजे आपल्या वीज कंपनीचा, सप्लाय आणि जनरेटर दोन्ही एकाच वेळी जोडलेच जाऊ शकणार नाहीत अशी त्याची रचना असते. मोठा सेट असेल तर विद्युत निरीक्षकांच्या ऑफिसची तपासणी-मंजुरी आहे का ते कमिटीनं विचारून घ्या, कागद फाइलला लावा.

दुसरं, धूर. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो, त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस झोपेतच जातो. पावसात भिजू नये म्हणून दुकानाच्या शटरच्या आत, बेसमेंटमध्ये, बोळात ठेवून चालवतात. खिडकी उघडी ठेवली तरी पुरत नाही. बाहेर, दार-खिडक्यांपासून किमान २० फूट लांब, धुराचं तोंड पलीकडं करून ठेवा आणि वर स्वतंत्र पत्रा घाला. गरम जनरेटरमध्ये पेट्रोल ओतायचं नाही, बंद करून थंड होऊ द्या, तेवढा वेळ दिवे आहेतच.

अपार्टमेंटच्या डिझेल सेटला आपोआप चालू होणारं पॅनल असलं तरी करंट गेल्यापासून लाईट यायला दहा-पंधरा सेकंद जातात. ऐकायला कमी वाटतं, पण जिन्याच्या मध्यात पाय उचललेल्या म्हाताऱ्या माणसाला ती पंधरा सेकंदं पडायला पुरेशी आहेत. ह्या फटीसाठी पण पुन्हा तेच, लँडिंगवरचा बॅटरीचा दिवा.

सेट चालू न होण्याचं नेहमीचं कारण डिझेल संपणं नव्हे, तर सेटची स्टार्टर बॅटरी उतरलेली असणं. आठवड्याला चालू करून बघा. आणि नुसता रिकामा घुरघुरत ठेवून उपयोग नाही, महिन्यातून एकदा अर्धा तास खरा लोड देऊन चालवा, क्षमतेच्या तिसरा हिस्सा तरी, नाहीतर न जळलेलं डिझेल आत साठत जातं आणि ऐन वेळी इंजिन धाप टाकतं. रात्री दोनला तो कोण चालू करणार, किल्ली कुठं आहे, हे वॉचमन सोडून अजून दोघांना माहीत पाहिजे.

बिल्डिंग १५ मीटरच्या वर असेल तर फायर पंपाचा विषय येतो. त्याची केबल मेन स्विचच्या आधीपासून स्वतंत्र पाहिजे, म्हणजे अग्निशमनवाल्यांनी बिल्डिंगचा करंट तोडला तरी पंप चालतो. एफआरएलएस केबल वापरली म्हणून निश्चिंत राहू नका, ती आग पसरवत नाही आणि धूर कमी करते एवढंच, आगीत करंट चालू ठेवायला फायर सर्व्हायव्हल केबल वेगळी मिळते, पंपाला तीच.

लिफ्टला एआरडी बसवून घ्या, करंट गेला की ती लिफ्टला जवळच्या मजल्यावर आणून दार उघडते. तिच्या बॅटरीचं पण कुणीतरी बघायला पाहिजे, मेंटेनन्सवाला आला की त्याच्यासमोर लिफ्टचा मेन पाडून दाखवायला लावा. आगीत मात्र लिफ्ट नाहीच, जिना.

कार्यालय, क्लास, गोडाऊन

मंगल कार्यालयात पाच-सहाशे माणूस असतो आणि त्यातल्या कुणालाच जागा माहीत नसते. हॉलचे मालक दिवे लावतात, बोर्ड लावतात, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी डेकोरेशनवाला येऊन पडदे, फुलांच्या माळा, स्टेजमागचं कापड लावताना नेमकं दार आणि बोर्ड झाकून सोडतो. मालकांनी हॉलच्या अटींमध्येच लिहून घाला, की दार, बोर्ड, इमर्जन्सी दिवा झाकायचा नाही, आणि वऱ्हाड यायच्या आधी एकदा फिरून बघा. मागच्या दाराला जेवणाच्या खुर्च्यांची चळत लावलेली असते, ती पण काढायला लावा. कुलूप लावलेल्या दारावर हिरवा दिवा पेटत ठेवणं हे तर माणसाला चुकीच्या वाटेला पाठवणं झालं.

दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर चालणारे क्लास, अभ्यासिका, खडेबाजार-गणपत गल्लीतली वर माळा असलेली दुकानं, इथं जिना अरुंद, त्यावर मालाची खोकी. खोकी काढल्याशिवाय दिव्याचा फायदा नाही. पालकांनी फी भरायला जाताना एकदा जिन्याकडं बघा आणि विचारा. निपाणीकडं तंबाखूची गोडाऊन आहेत, धूळ-भुसा उडतो, तिथं उघडी वायर, लटकता होल्डर अजिबात नको. धूळ आत न जाणारा बंद फिटिंगचाच दिवा घ्या, आणि बॅटरी-इन्व्हर्टर मालापासून वेगळ्या खोलीत.

घरात पेशंट असेल तर

ऑक्सिजन काँसन्ट्रेटर ५ लिटरचा साधारण ३५० वॅट खातो. वरचाच हिशेब लावा, १५० एएच बॅटरीवर नवीन असताना तीन-सव्वातीन तास, बाकी घर बंद ठेवून. पावसाळ्यात खेडेगावात करंट त्याच्या दुप्पट वेळ जातो. म्हणून भरलेला ऑक्सिजन सिलिंडर, त्याचा रेग्युलेटर आणि नळी घरात पाहिजेच, आणि सिलिंडर लावायला घरातल्या दोघांना तरी आलं पाहिजे. तिथंच जवळ समई, चूल, विडी नको.

छपरावर सोलर बसवलेल्यांना पण एक सांगायचंय. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून ३ किलोवॅटला ७८ हजारापर्यंत सबसिडी मिळते म्हणून बरेच जण बसवायला लागलेत, चांगलंच आहे. पण साधा ऑन-ग्रिड सोलर करंट गेला की आपोआप बंद होतो, भर उन्हात पण. लाईनमनला शॉक बसू नये म्हणूनच ती रचना आहे. करंट गेल्यावर सोलर चालायला पाहिजे असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, ऑर्डर द्यायच्या आधी विचारा.

टेस्ट

महिन्याला एकदा टेस्ट बटण दाबून प्रत्येक दिवा पेटतो का बघा, कुणी मोठं पोरगं पण हे करू शकतं, वहीत तारीख आणि मजला लिहायचा. वर्षातून एकदा पूर्ण दीड तासाची टेस्ट, पावसाळ्याआधी मे महिन्यात बरी. आधी सगळ्यांना ग्रुपवर कळवा, संध्याकाळी आठनंतर जिन्याचा एमसीबी पाडा, बिल्डिंगचा मेन नाही, लिफ्टमध्ये कुणी अडकायला नको. मग एखाद्या चष्म्याच्या आजोबांना सोबत घेऊन वरून खाली सावकाश उतरा आणि त्यांना विचारा, पायरीची कड दिसते का. तुम्हाला दिसलं म्हणून त्यांना दिसेलच असं नाही. दीड तासानंतर पुन्हा सगळे मजले फिरा, जो विझलाय त्याची बॅटरी बदलायची. टेस्ट झाली की बॅटरी पूर्ण भरायला दिवसभर लागू शकतो, म्हणून दुसऱ्या दिवशी मोठा कार्यक्रम, पूजा असेल तर टेस्ट करू नका.

वहीच्या पहिल्या पानावर आणि मीटर बोर्डाच्या बाहेर नंबर लिहा, अग्निशमन १०१, कुठल्याही इमर्जन्सीला ११२, हेस्कॉमच्या तक्रारीला १९१२. मराठीत पण लिहा, कन्नडमध्ये पण लिहा.

कमिटीकडं पैसे कमी आहेत म्हणून काहीच होत नाही, असं बऱ्याच ठिकाणी बघतो. एकदम सगळं करू नका. ह्या महिन्यात जिना मोकळा करा, जिन्याखालच्या स्कूटर आणि त्यांचं चार्जिंग हलवा, गेटचं कुलूप आतून किल्लीशिवाय उघडेल असं करा, ह्याला खर्च जवळजवळ नाहीच. मग प्रत्येक लँडिंगला एक आणि बाहेरच्या दाराला एक बॅटरीचा दिवा, खर्च घरटी वाटून घेतला तर एका फ्लॅटला फार येत नाही. त्यानंतर पळणाऱ्या माणसाचे बोर्ड. इन्व्हर्टर आधीच असेल तर तो जिन्याखालून बाहेर काढून दुसऱ्या भिंतीला न्या. लिफ्टची एआरडी पुढच्या वर्षीच्या बजेटला, आणि नवीन जनरेटर सगळ्यात शेवटी.